मुगाचं वरण म्हणजे आजाऱ्याचंच जेवण का? तिखट तोंडाच्या माणसांसाठी मूगडाळ कशी करता?

वाघूरकाठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मुक्काम भुसावळ. आमच्या घरात वरण म्हणजे तुरीचंच. मुगाची डाळ डब्यात असते ती शेपूत आणि कोबीत टाकायला, नाहीतर कुणी तापाने पडलं तर.

आता सासऱ्यांना (आम्ही आप्पा म्हणतो) पोटाचा त्रास झाला आणि डॉक्टरांनी काही दिवस तूर, हरभरा, उडीद बंद करून मूग सांगितला. तिखटाला पूर्ण बंदी नाही, बेताने चालेल म्हणाले. पण ताटात मुगाचं वरण दिसलं की आप्पांचा चेहरा उतरतो. "दवाखान्यातून डबा आलाय का?" असं कालच विचारून झालं.

कुकरला लावलं तर पिठल्यासारखं लगदा होतं. पातेल्यात शिजवलं तर डाळ खाली, पाणी वर. आणि कसंही करा, जेवायला बसेपर्यंत दही विरजावं तसं घट्ट बसतं. चवीचं तर विचारूच नका, नेहमीची मोहरी-जिरं-हिंगाची फोडणी दिली तरी लागतच नाही.

इथे खान्देशातले खूप जण आहेत म्हणून विचारतेय. तुमच्या घरी मूगडाळ आवडीने खातात का? कशी करता? गोडं वरण नको, ते येतं.

---

सदाशिवपेठी | सोमवार, रात्री ९:५८

आमसूल, गुळाचा खडा, ओलं खोबरं, वरून साजूक तूप. मुगाला यापलीकडे काही लागत नाही.

---

पांझराकाठचा | सोमवार, रात्री १०:०३

सदाशिवपेठी, वरणात गूळ? आप्पा ताट घेऊन शेजारी जेवायला जातील.

---

दाणाबाजार | सोमवार, रात्री १०:३१

ताई, रेसिपीच्या आधी एक विचारतो. डाळ कोणती आणलीये? मोगर (बिनसालीची) की छिलका (सालासकट)? सुटी घेतली की पाकिटातली? फार चकचकीत आहे का?

मी जळगावच्या डाळ मिलच्या धंद्यातच आहे, म्हणून सांगतो. मूग हा मिलवाल्यांना त्रास देणारा दाणा आहे. साल पातळ, पण चिकटून बसलेली. तुरीचं बरं असतं, तेलपाणी लावून मुरवली, उन्हात टाकली की साल सुटते. मुगाचं साल पूर्ण निघायच्या आधीच दाणा दोन फाकांत फुटतो. मग त्या सुट्या फाकांवरचं साल काढायला त्या रोलरवर पुन्हा घासायच्या, की कडा झिजतात आणि चुरी पडते. म्हणून मोगरच्या पोत्यात तळाला नेहमी बारीक चुरी असते. आमच्याकडे ती चाळून वेगळी काढतात आणि चुनीबरोबर ढेपवाल्याकडे जाते, गुरांच्या खाद्याला. पण स्वस्तातल्या मालात ती तशीच राहते.

तुमचं "लगदा" प्रकरण बहुतेक इथेच आहे. चुरी पहिल्या उकळीतच विरघळून पाण्याचं पेस्ट करते, आणि अख्खी फाक अजून कच्ची असते. तुम्ही ती शिजायची वाट बघता, तोवर सगळ्याचं पिठलं. डाळ घरी आणली की रव्याच्या चाळणीने चाळा. वाटीभर डाळीत किती पीठ निघतं ते बघा आणि मग दुकान बदलायचं की नाही ते ठरवा.

दुसरं म्हणजे धुताना. पहिली दोन पाणी दुधासारखी निघतात, ती टाका. पाणी बऱ्यापैकी नितळ येईपर्यंत धुवा.

---

वाघूरकाठ | सोमवार, रात्री १०:४४

दाणाबाजार दादा, मोगर आहे, सुटी, किराणा दुकानातली. आत्ता उठून चाळली. तळहातभर पीठ निघालं! हे कुणी सांगितलं नव्हतं.

---

मोठी माय | मंगळवार, सकाळी ६:१५

बाई, तुले सांगू का, मुगाची डाळ भाजल्याशिवाय पातेल्यात टाकूच नये. तुम्ही हल्लीच्या मुली सरळ कुकरात टाकता आणि मग चव नाही म्हणता.

माझं माहेर यावलकडचं, सासर रावेरकडचं. आमच्याकडे आषाढात, पोरं पावसात भिजून यायची तेव्हा हेच वरण व्हायचं आणि कोणी आजारी नसायचं. कसं करते ते लिहिते. मोबाईलवर लिहायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

लोखंडी कढई मंद आचेवर ठेव. कोरडी डाळ टाक. धुऊन टाकू नको, चिकटते. उलथनं फिरवत राहा. आधी कच्चा, गवतासारखा वास येतो. मग तो जातो आणि भाजलेल्या फुटाण्यासारखा खमंग वास सुटतो. रंग पिवळ्याचा जरासा बदामी झाला, एखादा दाणा तांबूस दिसला की लगेच ताटात काढ. कढईत ठेवलीस तर कढईच्या गरमीने खालची डाळ करपते. गार झाली की मग धुवायची, भरभर, दोनदा.

आता पातेलं. एका वाटीला चार वाट्या पाणी, आधी उकळून घे. उकळत्यात डाळ, हळद, हिंग आणि चमचाभर तेल. तेलाने फेस बसतो, उतू जात नाही. फेस आलाच तर पळीने काढ, नाही काढला तरी बिघडत नाही. झाकण पूर्ण लावू नको, पळी आडवी ठेवून त्यावर ठेव. वीसेक मिनिटांत डाळ बोटाने दाबली की फुटते पण आकार धरून असते. तेव्हा आच बंद. मग रवी घे आणि चार-सहा वेळाच फिरव. अर्धी डाळ मोडली पाहिजे, अर्धी दिसली पाहिजे. मोडलेली पाण्यात मिळून येते, म्हणून खाली डाळ वर पाणी असं होत नाही. मिक्सर, ब्लेंडर लावायचं नाही.

मीठ आता. फोडणी नंतर सांगते, दूधवाला आला.

---

आखाजी | मंगळवार, सकाळी ८:२०

मोठी माय 🙏 फोडणीची वाट बघतेय. ऑफिसला जायच्या आधी सांगा.

---

बोअरचं पाणी | मंगळवार, सकाळी ९:०५

पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. माझं आयडी उगाच नाही.

पारोळ्याला आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला पांढरा थर बसतो. त्या पाण्यात कुठलीही डाळ लवकर शिजत नाही. दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन असतं, ते शिजताना सुटं व्हायला हवं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला उलट घट्ट करतं. परिणाम असा की बाहेरून डाळ झडते आणि आत कणी राहते. म्हणजे ताईंची "डाळ खाली, पाणी वर" ही तक्रार.

वापरायच्या पाण्याला खळखळून उकळी आणून गार होऊ द्या, खाली साका बसेल, वरचं घ्या. जडपणाचा काही भाग त्याने जातो, सगळा नाही. पिण्याचं फिल्टरचं पाणी असेल तर डाळीपुरतं तेच घ्या. एवढं पाणी काही फार नाही.

आंबटाचंही तसंच. टोमॅटो, कैरी, चिंच, आमसूल काय घालायचं ते डाळ मऊ झाल्यावर. आधी घातलंत तर ताटकळत बसाल.

---

रेवा | मंगळवार, सकाळी ९:३०

चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की काम होतं ना? आमच्या खानावळीत टाकायचे.

---

बोअरचं पाणी | मंगळवार, सकाळी ९:४२

होतं, पण मुगाला नको. तूर किंवा वाल असेल तर एकवेळ समजू शकतो. मूग मुळातच मऊ, सोड्याने बुळबुळीत होतो आणि साबणासारखी चव मागे राहते. शिवाय ब १ जीवनसत्त्व सोड्यात टिकत नाही. आजारी माणसाला डाळ देताय ती कशासाठी?

---

मोठी माय | मंगळवार, सकाळी १०:५०

हं, फोडणी.

घाण्याचं शेंगदाण्याचं तेल, हात आखडू नको. मोहरी तडतडली की जिरं. लसूण सालासकट ठेचायचा, आठ-दहा पाकळ्या, आणि लाल होईपर्यंत थांबायचं. पांढरा लसूण वरणात टाकला तर कच्चट लागतो. मग कढीपत्ता. हिरव्या मिरच्या उभ्या चिरून नाही, खलबत्त्यात मीठ घालून भरड ठेचून. ठेचलेली मिरची तेलात परतली की तिचा तिखटपणा सगळ्या वरणात सारखा उतरतो, चिरलेली मिरची ताटाच्या कडेला निघून जाते. शेवटी कोथिंबिरीची देठं बारीक चिरून तेलातच, पानं वरून.

तुझ्या आप्पांना तिखट कमी सांगितलंय ना? मग मिरची एकच, आणि लसूण-जिरं वाढव. तोंडाला तिखट असल्यासारखं वाटतं.

ही फोडणी वरणात ओतली की लगेच झाकण. मग एकच उकळी.

---

पांझराकाठचा | मंगळवार, दुपारी १:१५

आमना धुयाकडे मुंगनी सालनी दाय करतस. ती खायी तर आप्पा तूरले इसरी जातीन!

बाकीचं मराठीत लिहितो, नाहीतर संपादक येतील.

मोगर हा शहरी चोचला आहे. गावाकडे छिलकाच. घरचा मूग, पूर्वी जात्यावर भरडायचा, सुपात पाखडायचा, निम्मं साल उडून जायचं, निम्मं राहायचं. त्या डाळीला एक स्वतःची चव असते, साल असल्यामुळे लगदाही होत नाही. ही कुकरात चालते, दोन शिट्ट्या.

आई करते ते असं: छिलका डाळ, मूठभर शेंगदाणे, हिरव्या मिरच्या अख्ख्या, लसूण, आणि जी पालेभाजी असेल ती. पालक, तांदुळजा, कधी मेथी. सगळं एकत्र शिजवायचं. मग त्यातल्या मिरच्या शोधून बाहेर काढायच्या, वेगळ्या घोटायच्या आणि अंदाजाने परत घालायच्या. म्हणजे घरात लहान पोर असलं तर त्याचं आधी काढून ठेवता येतं. वरून तेल-जिरं-लसणाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी आणि कांदा. हे वरण नाही, ही भाजीच आहे, भाकरी चुरून खायची.

एवढं घट्ट करायचं की भाकरीवर बसलं पाहिजे. म्हणजे ते गार झाल्यावर घट्ट होण्याचं दुखणंच मिटलं.

---

वाघूरकाठ | मंगळवार, दुपारी २:०५

पांझराकाठचा दादा, साल आप्पांना चालेल का? डॉक्टरांनी काही बोलले नाहीत.

---

स्टाफरूम | मंगळवार, दुपारी २:४०

मी आहारतज्ज्ञ नाही, नर्सिंगची पोरं शिकवते. एवढंच सांगेन की पोट नुकतं सावरत असेल तर आधी मोगर आणि काही दिवसांनी छिलका, तेही डॉक्टरांना फोन करून. सालीत चोथा असतो. बाकीच्यांना तो चांगला, दुखऱ्या आतड्याला दरवेळी चांगलाच असं नाही. मिरची-लसणाबद्दलही इथल्या सल्ल्यापेक्षा त्यांच्या डॉक्टरांचं ऐका.

आणि "मूग हलका" म्हणजे त्यात काही नाही असं जे आपल्याकडे लोक धरून चालतात, ते चूक. १०० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, म्हणजे तुरीच्या तोडीस तोड. वरणाच्या एका वाटीत २५-३० ग्रॅम डाळ धरली तर ६-७ ग्रॅम आली. पण ती वाटी पिवळ्या पाण्याची असेल तर दोनही येणार नाहीत. आजाऱ्याला आपण पातळ पातळ करून वरचं निवळ देतो आणि डाळ तळाला राहते, ती घरातले निरोगी खातात. माझ्या माहेरी हेच व्हायचं.

गॅस करणाऱ्या साखरा मुगातही असतातच. अर्धा-पाऊण तास भिजवून ते पाणी टाकलं तर काही निघून जातात. भाजलेली असली तरी भिजवता येते.

---

सदाशिवपेठी | मंगळवार, दुपारी ३:१०

म्हणजे गूळ नको हे ठरलंच का?

---

दाणाबाजार | मंगळवार, दुपारी ३:२२

ठरलं. पण तूप मंजूर.

---

शहादेकर | मंगळवार, सायंकाळी ६:३०

घट्ट होण्याबद्दल. मुगात पिठाचा अंश भरपूर, तो शिजताना फुगतो आणि गार होताना पाणी धरून बसतो. त्यामुळे कोणीही केलं तरी होणारच. उपाय दोनच. एक म्हणजे गॅसवरून उतरवताना जेवढं हवं त्याहून पातळ ठेवायचं. दुसरा म्हणजे घट्ट झालेल्या वरणात गार पाणी कधी घालायचं नाही. आधण करून उकळतं पाणी घालायचं, पळीने एकाच दिशेने फिरवायचं आणि पुन्हा एक उकळी आणायची. गार पाण्याने गोळे होतात, ते मग पळीने मोडत बसावं लागतं, आणि चव कच्च्या पिठाची.

उरलेलं रात्रीचं वरण सकाळी कणकेत मळा. तिखट-मीठ, ओवा, थोडी कोथिंबीर घालून दशम्या करा. आमच्याकडे उरत नाही म्हणून मुद्दाम जास्त करतात.

---

वाघूरकाठ | मंगळवार, रात्री १०:१२

केलं! मोठी मायच्या पद्धतीने, डाळ चाळून, भाजून. पाणी फिल्टरचं.

भाजतानाचा तो वास बदलण्याचा क्षण खरंच कळतो. आधी वाटलं आपल्याला नाही कळणार. रवीने अर्धवट घोटलं. मिरची एक, लसूण भरपूर. आप्पांनी काही न बोलता दोनदा घेतलं. न बोलता म्हणजे आमच्या घरात खूप झालं. सासूबाईंचं मात्र म्हणणं की डाळीला "भाजल्याचा वास येतो". अहो, तोच तर हवा होता.

आता पुढचा प्रश्न. रविवारी नणंद आणि तिची मंडळी येणार, वरण-बट्टी होणारच. बट्टी आप्पांना देणार नाही, पण वरण तरी सगळ्यांना एकच करता येईल का? मुगाचं वरण बट्टीवर चालेल?

---

आखाजी | मंगळवार, रात्री १०:२०

नाही.

---

पांझराकाठचा | मंगळवार, रात्री १०:२१

नाही नाही नाही.

---

शहादेकर | मंगळवार, रात्री १०:४०

इतकं काय! तूप टाकल्यावर कुणाला कळतंय.

---

आखाजी | मंगळवार, रात्री १०:५२

कळतं हो. बट्टी वाफवून तळलेली, जाड दळलेल्या गव्हाची, त्यात मक्याचं पीठ. चुरली की रवाळ होते आणि वरण पितच जाते. तुरीचं वरण तिच्यात जिरतं तरी सैल राहतं. मुगाचं वरण जिरलं की दोन मिनिटांत सगळं ताट सिमेंट. वरून कितीही तूप ओता, घास तोंडात फिरतो. सोबत घोटलेली वांग्याची भाजी असते, ती आधीच मऊ, म्हणजे ताटात सगळंच मऊ. वरण-बट्टीला तूरच. यावर चर्चा नको.

---

मोठी माय | बुधवार, सकाळी ६:४०

चर्चा नको कशी, चर्चेलाच तर बसलोय.

आखाजीचं बरोबर आहे, नुसता मूग नको. पण मिसळीचं वरण चालतं. तीन वाटे तूर, एक वाटा मूग. आमच्या लग्नातल्या आचाऱ्यांना तूर महाग असली की असं करताना मी पाहिलंय आणि पंगतीत कोणी ओळखलं नाही. फक्त दोन्ही डाळी एकदम कुकरात टाकू नका. तूर मऊ होईपर्यंत मुगाचं पाणी झालेलं असतं. तूर आधी शिजवायची, मूग वेगळा शिजवायचा आणि घोटताना एकत्र करायचा.

पण बाई, तुझ्या आप्पांना तूर बंद आहे ना? मग त्यांचं छोट्या पातेलीत वेगळंच कर. पाहुणे आले म्हणून आजारी माणसाच्या ताटात तडजोड करू नये.

---

वाघूरकाठ | बुधवार, सकाळी ७:१५

खरंय मोठी माय. वेगळंच करते.

---

रेवा | बुधवार, सकाळी ११:००

धागा चांगला चाललाय म्हणून विचारते, मुगाची खिचडी करता का तुमच्याकडे? मी नाशिकची, जळगावला लग्न होऊन आले. इथे खिचडीवर लसणाचं गरम तेल ओतून घेतात ते पहिल्यांदा पाहिलं आणि घाबरले होते.

---

पांझराकाठचा | बुधवार, सकाळी ११:२५

खिचडी इथे तुरीची, नाहीतर छिलका मुगाची. तेल, पापड, कढी आणि कच्चा कांदा. तेलाला घाबरायचं नाही. पण त्यावर आधीच एक धागा आहे, तिकडे या, तिथे दोनशे प्रतिसादांत भांडण झालंय.

---

बोअरचं पाणी | बुधवार, दुपारी १२:१०

दाणाबाजार, नवा मूग आणि जुना मूग यात शिजायला फरक पडतो ना? आमच्याकडे आई दुकानदाराला नेहमी विचारते.

---

दाणाबाजार | बुधवार, दुपारी १:३०

पडतो. मृगात पेरलेला मूग साठ-सत्तर दिवसांत निघतो, पोळ्याच्या आगेमागे तोडणी सुरू होते आणि भाद्रपदात बाजार समितीत ढीग लागतात. कापूसवाले शेतकरी याच पैशावर पोळा आणि गणपती काढतात. त्या वेळचा माल भराभर शिजतो. तोच माल पावसाळी दमटपणात आणि नंतर आपल्या ४४-४५ अंशांच्या उन्हाळ्यात गोदामात पडून राहिला की दाणा कडक होतो, शिजायला जास्त वेळ घेतो. डाळीचा रंगही ताजेपणीचा तेजाळ पिवळा राहत नाही.

पण नवा म्हणजे चांगलाच असंही नाही. तोडणीला पाऊस लागला की शेंगेतच मोड येतात, दाणा काळपट डागी होतो. तो माल स्वस्तात सुटतो. साल काढून पॉलिश केल्यावर डाग दिसत नाहीत, वास मात्र राहतो. ओंजळभर डाळ घ्या, तिच्यावर तोंडाची गरम वाफ सोडा आणि लगेच नाकाशी न्या. कुबट वास आला तर परत करा. आरशासारखी चकाकणारी डाळ मी स्वतः घरी नेत नाही. चकाकी पॉलिशची असते, मुगाची नव्हे.

उन्हाळी मूगही येतो, पाण्याची सोय असलेल्या तापीकाठच्या पट्ट्यात घेतात. त्याला पाऊस सहसा लागत नाही, म्हणून दाणा स्वच्छ. मिळाला तर घ्या.

---

आखाजी | बुधवार, दुपारी २:०५

आणि भुंगे? आमच्या अख्ख्या मुगाच्या डब्यात दरवर्षी भोकं.

---

दाणाबाजार | बुधवार, दुपारी २:२०

ती भुंगेऱ्याची अंडी बहुतेक शेतातूनच दाण्यावर आलेली असतात, डब्याला दोष देऊ नका. अख्ख्या मुगाला तो जास्त लागतो, डाळीला बराच कमी. म्हणून जुन्या बायका वर्षाचा मूग घरात आला की बराचसा लगेच भरडून डाळ करून टाकायच्या. अख्खा ठेवायचा तर दोन-तीन कडक उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या, मग घट्ट झाकणाच्या कोठीत. गरम भरलात तर आत घाम सुटतो. मोगर मात्र महिन्या-दोन महिन्यांपुरतीच आणा.

---

मोठी माय | बुधवार, दुपारी ४:१५

जुना मूग शिजत नाही म्हणून रडत बसू नका. त्याच्या वड्या घाला. चैत्र-वैशाखात आमच्या गच्चीवर सात-आठ बायका जमायच्या. छिलका डाळ रात्री भिजत घालायची, सकाळी पाण्यात चोळून साल वर आलं की ओतून द्यायचं, थोडं राहिलं तर राहू द्यायचं. पाट्यावर जाडसर वाटायची, पाण्याचा हात न लावता. हिरवी मिरची, लसूण, जिरं, धणे भरडून, मीठ बेताचं, कारण वाळल्यावर खारट होतं. मग पीठ हाताने एकाच दिशेने फेटायचं, चांगलं हलकं होईपर्यंत. पाण्याच्या वाटीत थेंब टाकायचा, तरंगला की झालं. खाटेवर जुनं धोतर ओलं करून पसरायचं आणि बोटांनी बोराएवढ्या वड्या तोडायच्या. आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन दिवसांत दगड होतात. धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडलं की सुटतात.

करताना आधी तेलात लाल परतायच्या. मग कांदा-खोबरं भाजून वाटलेल्या काळ्या मसाल्याचा रस्सा. भाजी मिळत नसायची तेव्हा आठवड्यातून दोनदा हीच.

आप्पांना ही देऊ नको हो, बरे झाल्यावर दे.

---

शहादेकर | बुधवार, सायंकाळी ५:००

फेटणं महत्त्वाचं. फेटलं नाही तर वडी रश्श्यात शिजूनही मध्ये गोटा राहते. फुणक्यांचं उलटं, त्यांना फेटायचं नाही. तूर, हरभरा, मूग अशा मिश्र डाळी जाडसर वाटून, कांद्याची पात किंवा मेथी घालून नुसत्या मुठी वळायच्या आणि वाफवायच्या. मुगाने फुणके मऊ होतात. नुसत्या तुरीचे घशात बसतात, कढी लागतेच.

---

वाघूरकाठ | शुक्रवार, रात्री ९:१८

डॉक्टरांशी बोलले. छिलका पुढच्या आठवड्यापासून, आधी थोडा, असं सांगितलं. मिरची एकच. लसूण चालेल पण नीट तळलेला.

तोवर घरात मोगरच चालू आहे आणि गंमत म्हणजे मुलांनी पण मागून घेतलं. धाकटा शाळेच्या डब्यात दशमी नेतो, शहादेकर यांच्या कृपेने. सासूबाईंनी "वास येतो" म्हणणं सोडलं नाहीये, पण डाळ आता त्याच भाजतात. मला कढईजवळ येऊ देत नाहीत. माझ्यापेक्षा जास्त लाल भाजतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचं वरण जास्त चांगलं होतं. चवीला थोडं लिंबू, गॅस बंद केल्यावर.

दुकान बदललं. पहिल्या दुकानदाराला चाळलेलं पीठ पुडीत बांधून दाखवलं तर म्हणाला, "ताई, मुगाला असतंच." नवीन ठिकाणी चाळलेली मोगर मिळाली, किलोमागे थोडी महाग, पण तळाला काही नाही.

वड्यांचं मनावर घेतलंय. मोठी माय, छिलका डाळ किती भिजवायची एका धोतराला?

---

मोठी माय | शनिवार, सकाळी ६:०५

पहिल्यांदा करतेय तर एक किलोच. वाटायला मिक्सर असेल तर थोडं थोडं फिरव, बंद कर, पुन्हा फिरव. पीठ गरम होऊ देऊ नको. आणि आभाळ असेल त्या दिवशी भिजवू नको, ऊन नाही लागलं तर आंबतात.

---

संपादक | शनिवार, सकाळी १०:३०

वड्यांसाठी नवा धागा काढावा ही विनंती, इथे शोधायला अवघड जाईल.

---

पांझराकाठचा | शनिवार, सकाळी १०:४५

काढतो. शीर्षकात "खान्देशी" टाकतो, नाहीतर सदाशिवपेठी तिथेही गूळ घेऊन येतील.